सात गाठींची कॉइल

कॉइल सातव्यांदा तुटली आणि सातव्यांदा ठपका सुनेच्या हातावर आला.

"हिचा हात लागला की वस्तू टिकत नाही!" सासूबाई शेडच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. "लग्न होऊन आली तेव्हापासून सात वेळा. सात! माझ्या हातात होती तेव्हा एकदा तरी तुटली का?"

तुटायची कुठून? तेव्हा शेडमध्ये कॉइल नव्हतीच, कंदील होते. पण हे त्यांना सांगणार कोण? मी समोरच्या ओट्यावर मशीन चालवत होते, दोराही तोडला नाही. मी शेजारीण, शिवणकाम करते. एरवी मी त्यांना वहिनी म्हणते. पण ही गोष्ट सांगताना सासूबाईच म्हणते, कारण त्या दिवसांत त्या दुसरं काही नव्हत्याच.

शेडमध्ये पाचशे पिल्लं होती, चार दिवसांची. पत्र्याचं गोल कडं, आत भुशाची गादी, वर दोरीला टांगलेला पत्र्याचा छत्रा आणि छत्र्याखाली ऊब देणारी ती कॉइल. थंडी अशी पडली होती की सकाळी सुई हातात धरवत नव्हती. कोंबडीच्या पिल्लाला पहिले दोन आठवडे ऊब मिळाली नाही तर ते बसल्या जागी मरतं. आधीच्या दोन खेपांत निम्मी मेली होती. म्हणून सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ही तिसरी. ही गेली की शेडला कुलूप, आणि तू क्रशरवर पाट्या उचलायला. मुकादमाशी बोलून ठेवलंय मी."

क्रशर म्हणजे गावाबाहेरचं खडी फोडायचं यंत्र. रस्त्याचं मोठं काम निघालेलं, त्यामुळे रात्रंदिवस धडधडत असायचं. तिथे जाणाऱ्या बायका संध्याकाळी परत यायच्या तेव्हा पापण्यांपर्यंत पांढऱ्या झालेल्या असायच्या. दोघींना खोकला लागला होता तो अजून गेलेला नाही. सुनेनं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून पाण्याची भांडी धुवायला घेतली. नवरा दुधाचा टेम्पो चालवतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई म्हणते तर असेल." याच्यापलीकडे त्या माणसाचं मत कधी गेलंच नाही.

तर कॉइल तुटली, की बोलवा गाठमास्तरला.

गाठमास्तर हा आमच्या गावचा वीजतज्ज्ञ. शिकला कुठे, ते कोणाला माहीत नाही, त्यालाही नसावं. काहीही बिघडो, पंखा असो की पंप, हा दोन टोकं ओढतो, पीळ देतो, गाठ मारतो आणि म्हणतो, "झालं! आता नातवंडांपर्यंत बघायला नको." नातवंडं लांब राहिली, आठवड्यात पुन्हा याच्याच दारात. तारेत वीज आहे का नाही हे बोटाच्या मागच्या बाजूनं बघायचा आणि झटका बसला की आजूबाजूला बघून हसायचा, जणू ओळखीच्या माणसानं चापट मारली. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते याला बघूनच म्हणत असावेत.

त्यानं जळलेली दोन्ही टोकं कापली, उरलेली तार ओढून पीळ दिला, आणि कॉइल लालबुंद फुलली.

"बघा वहिनी," तो सासूबाईंना म्हणाला, "पहिल्यापेक्षा जास्त ऊब. नवी कॉइल कच्ची असते. गाठी बसत जातात तशी ती मुरते. ही आता मुरली."

"नाहीतर काय," सासूबाई म्हणाल्या. "आणि ही म्हणते नवी आणा."

तेवढ्यात सून बाहेर आली. हातात तिचं ते मीटर. लग्नाआधी पोरीनं दोन वर्षं तंत्रशाळेत वायरिंगचं शिक्षण घेतलं होतं. तारेला चिमट्यासारखं लावायचं मीटर ती माहेरून घेऊन आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका हसल्या होत्या. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते.

"मास्तर, जास्त तापते ती मुरली म्हणून नाही," ती म्हणाली. "आखूड झाली म्हणून."

"आखूड झाली की कमी तापणार. चुलीत लाकूड कमी घातलं तर जाळ वाढतो का?"

"लाकडाचं वेगळं, तारेचं वेगळं. तार वीज अडवते. जितकी लांब, तितकी जास्त अडवते. तुम्ही दर वेळी तुकडा कापता, म्हणजे अडवणं कमी होतं. मग वीज जास्त घुसते आणि जास्त तापते. थांबा, दाखवते."

तिनं मीटर आधी बोर्डला लावलं, मग चिमटा तारेला. खडूनं शेडच्या पत्र्याच्या दारावर आकडे लिहिले. "हे व्होल्ट, म्हणजे विजेचा दाब. एकशे ऐंशी. हे अँपिअर, म्हणजे तारेतून किती वीज वाहतेय ते. साडेचार. दाबाला वाहणाऱ्या विजेनं भागलं की तारेचा रोध कळतो, म्हणजे ती किती अडवते ते. एकशे ऐंशी भागिले साडेचार, चाळीस. नवी होती तेव्हा त्रेपन्न होता. तेरा तुम्ही कापून फेकलेत."

"आणि मग?" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"आता दाब गुणिले अँपिअर. आठशे दहा वॅट. एवढी ऊब आज मिळतेय, आणि आज ती बरोबर आहे."

"बरोबर आहे ना? मग तोंड कशाला वर करतेस?"

"आज बरोबर आहे, आई. क्रशर चालू आहे म्हणून. तो सगळ्या गावाचा दाब खाली ओढतो. तो थांबला की दाब वर उडी मारतो. आज पहाटे तासभर थांबला होता, मी मोजलं, दोनशे चाळीस होता. आणि त्याच तासात कॉइल तुटली. मागच्या सहा वेळाही क्रशर थांबला त्याच दिवशी तुटलीय, हवं तर मावशींना विचारा."

मावशी म्हणजे मी. मला आठवत होतं. क्रशर थांबला की गल्ली इतकी शांत होते की माझ्या मशीनचा आवाज मलाच मोठा वाटतो, आणि त्याच दिवशी समोरून आरडाओरडा ऐकू येतो. पण सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी म्हटलं, "माझ्या काही लक्षात नाही बाई." असा शेजारधर्म पाळला मी. अजून सांगताना लाज वाटते.

सून थांबली नाही. "बुधवारी क्रशरचा दगड फोडणारा जबडा बदलणार आहेत. दिवसभर बंद. दोनशे चाळीस भागिले चाळीस, सहा अँपिअर. हा बोर्ड आहे पाचाचा. आणि ऊब किती? दोनशे चाळीस गुणिले सहा, चौदाशे चाळीस वॅट. आजच्या पावणेदोन पट. तार इतकी आखूड झालीय की या वेळी कॉइल तुटायच्या आधी बोर्ड जळेल."

"फ्यूज कशाला असतो मग?" गाठमास्तर तिच्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाला.

"फ्यूज तुम्हीच काढून जाड तार पिळून बसवलीत. परवा."

"सारखा जायचा तो! वहिनी, विजेला आकडे कळत नाहीत. विजेला हात कळतो. चाळीस वर्षं हे हात तारेत आहेत."

"शेडमध्ये एक जुनी अर्धी कॉइल पडलीय, तिचा रोध वीस आहे," सून म्हणाली. "ती हिच्यापुढे जोडू द्या. बुधवारपुरती. साठ होतील. दोनशे चाळीस भागिले साठ, चार अँपिअर. सगळं जागेवर."

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "मास्तरच्या गाठीला हात लावलास तर बुधवारची वाट बघणार नाही. आजच पाटी देईन डोक्यावर."

दारावरचे आकडे त्यांनी पदरानं पुसले. पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार उजाडला. आठच्या सुमाराला क्रशर बंद झाला आणि गावभर एकदम शांतता झाली. ऊन कोवळं होतं, पण वारा बोचरा. सासूबाईंनी मुद्दाम गाठमास्तरला बोलावून घेतलं होतं, सुनेची जिरवायला. दोघं शेडमध्ये स्टूल टाकून बसले, हातात चहाचे कप. मीही गेले. कापड बेतायचं सोडून गेले. खोटं सांगत नाही, मला तमाशा बघायचा होता.

कॉइल लाल होती ती नारिंगी झाली, मग पिवळट.

"फुलली!" गाठमास्तरनं छत्र्याखाली तळहात धरला आणि पटकन मागे घेतला. "काय ऊब आहे बघा. अशी ऊब शहरातल्या शेडला मिळत नाही."

पिल्लं मात्र छत्र्याखालून निघाली आणि पत्र्याच्या कडेला जाऊन चिकटली. चोची उघड्या, पंख सुटे, गळे लपलप हलतायत.

"ही अशी का करतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"पोटं भरलीत. जांभया देतायत."

"कोंबडी जांभई देते?"

"ऊब मिळाली की देते."

सून भिंतीला टेकून उभी होती. "आई, त्यांना गरम होतंय. थंडी असती तर छत्र्याखाली गोळा झाली असती. मरतील ती. बंद करू द्या."

"तू जागेवर उभी राहा."

"आई, मी पाया पडते. हवं तर उद्या क्रशरवर जाते. पण हे बंद करा."

सासूबाई काही बोलणार, तेवढ्यात वास आला. आधी वाटलं कोणाच्या घरी दूध उतू गेलं. मग बोर्डाकडे बघितलं तर सॉकेट मऊ पडून खाली लोंबत होतं, आणि तारेवरचं रबर थेंब थेंब भुशावर गळत होतं. तिसऱ्या थेंबाला धूर निघाला आणि चौथ्याला जाळ.

"मी पक्कड घेऊन आलो!" गाठमास्तर म्हणाला आणि निघाला. त्याची पक्कड त्याच्या खिशातच होती, मुठीएवढी बाहेर दिसत होती. पण माणूस गेला.

मी पाण्याची बादली उचलली तशी सून ओरडली, "मावशी, थांबा! आधी वीज!" तिनं कोरडी काठी घेतली, मेन स्विचचा दांडा खाली ओढला आणि मग म्हणाली, "आता टाका!" मी टाकलं. सासूबाई हातातला कप तसाच धरून उभ्या होत्या. सुनेनं फावड्यानं पेटता भुसा बाहेर ओढला, पत्र्याचं कडं उघडलं, दारं सताड उघडली. पाच मिनिटांत सगळं विझलं. एकोणीस पिल्लं मेली. बाकीची खोकत होती, पिल्लं खोकतात हे मी त्या दिवशी बघितलं.

पण आता उलटंच संकट. वीज नाही, दारं उघडी, बाहेर तो वारा. आगीतून फुफाट्यात. धूर गेला तशी पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली घुसायला लागली. तासभर असं राहिलं असतं तर एकही उरलं नसतं.

सून कामाला लागली. मागच्या पंपाचा पंधरा अँपिअरचा बोर्ड सोडवून आणला, जाड तार आणली, ती अर्धी कॉइल आणली. स्टुलावर चढली तेव्हा स्टूल डगमगलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. सुनेनं अर्धी कॉइल जोडली, फ्यूजमध्ये बारीक तार घातली, दांडा वर केला, मीटर लावलं.

"चार," ती म्हणाली. "नऊशे साठ वॅट."

पिल्लं हळूहळू छत्र्याखाली आली आणि पसरून बसली. सून खाली उतरली आणि तिथेच भुशात बसून हमसाहमशी रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई मात्र बाहेर जाऊन मेलेली पिल्लं पाटीत भरत होत्या.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सासूबाईंचे डोळे उघडले. कुठले हो! दुपारी गाठमास्तर चौकात उभा राहून सांगत होता, "मीच म्हटलं होतं अर्धी जोडा म्हणून. पक्कड आणायला गेलो तर तेवढ्यात पोरीनं जोडली. साठ! हा पक्का आकडा आहे. आता त्याला कोणी हात लावायचा नाही." आणि संध्याकाळी येऊन त्यानं दोन्ही कॉइलींच्या जोडावर आपली एक गाठ मारली, सही केल्यासारखी.

सासूबाईंनी मारू दिली! मी रागानं विचारलं, "वहिनी, अहो तुमच्या डोळ्यांदेखत हा माणूस पळाला होता." तर म्हणाल्या, "पक्कड आणायला गेला होता." मला कळलं. सुनेचं बरोबर होतं म्हटलं, तर सात वेळा आपलं चुकलं म्हणावं लागतं. गाठमास्तरचं बरोबर म्हटलं की कोणाचंच चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला क्रशर पुन्हा धडधडायला लागला. सून मीटर बघून सासूबाईंकडे गेली. "आई, दाब उतरला. आता ती अर्धी काढायला हवी. साठ ठेवले तर ऊब पुरणार नाही."

"काल घालायची म्हणत होतीस, आज काढायची म्हणतेस. तुझं एक काही आहे का?"

"दाब बदलला की बदलावं लागतं."

"मास्तर म्हणाला पक्का आकडा. आणि कालचं ते काही पुन्हा नको मला." एवढं बोलून त्या शेडच्या दारातच बसल्या, राखणीला. आत कोणाला जाऊ देईनात. सून ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, उद्या पाटी किती वाजता उचलायची असते हो?" मी तिला चहा दिला. मग मात्र मला राहवलं नाही. उठले, रस्ता ओलांडला आणि सासूबाईंना म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. सातही वेळा क्रशर बंद होता. आता मला शिव्या द्या, पण एकदा मागे वळून आत बघा."

शिव्या दिल्याच त्यांनी. चांगल्या दोन-तीन दिल्या. मग वळल्या.

छत्र्याखाली पिल्लांचा ढीग झाला होता. एकावर एक, चार-चार थर. खालची दिसत नव्हती, नुसता चिवचिवाट येत होता, तोही दबलेला. कॉइल काळपट लाल, विझत आलेल्या निखाऱ्याएवढी. सासूबाईंनी हात घालून वरची पिल्लं बाजूला केली. खालून एक मेलेलं निघालं. मग दुसरं. ते त्यांनी तळहातावर घेतलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्यांना गारठल्यावर कळलं.

"ए," त्यांनी सुनेला हाक मारली. "इकडे ये. ते मीटर आण." सून धावत आली. "किती आहे?"

"एकशे ऐंशी. भागिले साठ, तीन अँपिअर. पाचशे चाळीस वॅट."

"म्हणजे कमी का जास्त?"

"कमी, आई. खूप कमी."

"मग काढ ती अर्धी. आणि तिथे एक बटण बसव. क्रशर थांबला की घालायची, चालू झाला की काढायची. येतं का तुला?"

"येतं."

"मग बघतेस काय? आणि मावशीला सांग, मुकादमाला निरोप द्या म्हणावं, आमच्याकडून कोणी येत नाही."

निरोप मी त्याच पावली पोचवला. परत आले तर गाठमास्तर दारात उभा. कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

"माझी गाठ कोणी सोडली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. सून आत स्टुलावर होती.

"वहिनी, विजेचं तुम्हाला काय कळतं? पक्का आकडा होता तो."

सासूबाई उठल्या. पदर खोचला. "तू चाळीस वर्षं तारेत हात घालतोस ना? मग एक सांग. एकशे ऐंशीला चाळीसनं भाग."

"काय?"

"भाग. एवढं तर येत असेल."

गाठमास्तरनं वर पत्र्याकडे बघितलं. ओठ हलवले. एका हाताची बोटं मोजली, मग दुसऱ्या हाताची. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली. "पाच," तो म्हणाला. कोणी काही बोललं नाही तेव्हा म्हणाला, "पाच, थोडे कमी. चार धरा. कामाला चार चालतात." मग त्याला कुठेतरी पंप बघायला जायचं होतं ते आठवलं.

तो वळणापलीकडे जाईपर्यंत सासूबाई ताठ उभ्या होत्या. मग शेडमध्ये गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि स्टुलाजवळ जाऊन हळूच विचारलं, "किती येतात गं?"

"साडेचार," सून म्हणाली.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."